बारा ते दोनचा पहारा

सोमवारी सकाळी सगुणाआत्याने विहिरीतून घागर काढली, नाकाशी नेली आणि पायरीवर ओतून दिली. मग दुसरी काढली, तीही ओतली. घरी येऊन तिने चुलीवरचं चहाचं पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "शकू, आजपासून हे पाणी प्यायचं न्हाई."

आमचं घर आकुर्डीच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठच्या वाडीत होतं. वीस-बावीस उंबरे, मधोमध मारुतीचं देऊळ आणि देवळामागे ती विहीर. घरात आम्ही तिघंच. माझे वडील गणपत, ज्यांना मी नाना म्हणायची, त्यांची मोठी बहीण सगुणाआत्या आणि मी. आई मी चार वर्षांची असताना गेली. आत्याला चाकणला दिलं होतं, पण दोन वर्षांत नवरा वारला आणि ती भावाकडे परत आली. येताना तिने एक पत्र्याची पेटी आणि कांद्याचं अर्धं पोतं आणलं होतं. "माझ्या भनीला सासरनं कांदं दिलं, आन् मला भन दिली," असं नाना जेवताना म्हणायचे आणि आत्या त्यांच्या ताटात मुद्दाम जास्तीचा कांदा फोडून टाकायची. घरात हसणं पुष्कळ होतं. पैपाहुणा आला की त्याला आधी वाटायचं, इथे काही कार्य आहे की काय.

आत्याला अक्षरओळख नव्हती. गळ्यात तुळशीची माळ, आणि जगायचे तिचे काही नियम. भाकरीचा पहिला चतकोर गाईचा. मुंग्यांच्या वारुळाशी एक चिमूट पीठ. दारात आलेल्याला नाव-गाव विचारायच्या आधी पाणी. आणि एक नियम असा, जो मी पुढे दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिला नाही: कढत पाणी जमिनीवर ओतायचं नाही. भाताची पेज असो, अंघोळीचं उरलेलं पाणी असो, ते निवू द्यायचं आणि मग ओतायचं. "खाली जीव असत्यात," ती म्हणायची. लहानपणी मी घाईने एकदा पेज ओतली, तर तिने मला रागावलं नाही. त्या ओल्या जागेशी उकिडवी बसून "चुकलं रं बाबांनो, पोर हाय," असं म्हणाली. त्यानंतर माझ्या हातून ते कधी झालं नाही. आजही सिंकमध्ये कुकरचं पाणी ओतताना माझा हात थबकतो. नळीच्या आत कोण असणार, पण थबकतो.

नाल्यापलीकडे कंपनी होती. तिचं नाव मोठं इंग्रजी होतं, आम्ही नुसतं कंपनी म्हणायचो. सायकलींच्या सुट्या भागांना चकचकीत मुलामा देण्याचं काम तिथे चाले आणि नाना त्याच मुलाम्याच्या खात्यात, प्लेटिंगमध्ये, कामाला होते. सकाळी साडेसहाला पहिला भोंगा व्हायचा. त्या भोंग्यावर वाडीच्या चुली पेटत, पोरं शाळेसाठी उठत, कोंडिबाबा नावाचे आमचे शेजारी देवळात जाऊन घंटा वाजवत. कोंडिबाबांना फारसं दिसत नसे. भोंगा झाला की उजाडलं, असा त्यांचा हिशेब. कंपनीबद्दल वाडीत कोणाचं वाईट मत नव्हतं. पगार वेळेवर होत होता, आणि नाना तर त्या वर्षी कायम होणार होते. तीन वर्षं टेंपररीत काढल्यावर "पुढल्या महिन्यात कागद निघतोय" असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

पाण्याला वास आला त्याचं कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कंपनीने मागच्या भिंतीतून एक पाइप बाहेर काढला होता. तो आमच्या बाजूच्या उतारावर एका चरात सोडला होता आणि चर विहिरीच्या वरच्या अंगाने नाल्याला जात होता. चरातलं पाणी हिरवट होतं. कडेचं गवत जळलं होतं. आत्या ते बघून आली तेव्हा पहिल्यांदा मी तिचा चेहरा तसा पाहिला. "मी पेज निववून ओतते," ती नानांना म्हणाली, "आन् तुमी लोक हे वततासा?"

नाना म्हणाले, "मी कुठं वततो? मी टाकीशी उभा असतो."

"टाकीतलं कुठं जातं, इचारलंस कधी?"

नानांनी विचारलं नव्हतं. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

पाण्यासाठी आम्हाला नाल्याच्या वरच्या अंगाला, बौद्ध वस्तीवरच्या विहिरीवर जावं लागलं. जायला-यायला चांगला पाऊण तास. पहिल्या दिवशी आत्या घागर न घेता, नुसती हात जोडून गेली. मी बरोबर होते. तिथल्या भागीरथीमावशी आत्याच्याच वयाच्या, जिभेने तिखट. त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "आमच्या पाण्यानं तुमचा देव बाटंल का न्हाई, सगुणाबाई?" आमच्या देवळामागच्या विहिरीवर त्यांच्या आईला कधी चढू दिलं नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं. आत्या म्हणाली, "देव न्हाई बाटायचा. आमी मागं जे केलं त्यानं बाटला असंल तर बाटला." मावशींनी कमरेवरचे हात काढले. मग म्हणाल्या, "घागर कुठाय? नुसतं हात जोडून पाणी येत न्हाई." आणि स्वतःची घागर भरून माझ्या डोक्यावर ठेवली.

मी तेव्हा दहावीत होते. वाडीच्या वतीने कंपनीला तीन अर्ज मीच लिहिले, समास सोडून, खाली अंगठे आणि सह्या. गेटवरचा कारकून पोच देई आणि आम्ही परत येऊ. तिसऱ्या अर्जानंतर माझा चुलतभाऊ दत्तू दोन पहारी घेऊन आला. "आत्या, अर्ज बास झालं. दुपारच्याला जातो आन् पाइप फोडतो. व्हायचं ते व्हईल."

आत्या शेंगा फोडत होती. "फोड की. मग पाणी कुठं जाईल?"

दत्तूने पहारी भिंतीला टेकवल्या.

"हितंच येनार. आदी चरातनं येत होतं, मग रानभर व्हईल. तुला पोलीस नेतील आन् तुझ्या आईला मला गप करावं लागंल." तिने एक शेंगदाणा तोंडात टाकला. "सप्ता घालू."

दरवर्षी देवळात सप्ताह व्हायचा. सात दिवस अखंड नामस्मरण, सकाळी पोथी, दुपारी पंगत. सप्ताहाचा जीव म्हणजे वीणा. ती गळ्यात घेऊन एक जण उभा राहतो आणि नाव घेत राहतो. सात दिवस ती जमिनीला टेकायची नाही, तिचा आवाज थांबायचा नाही. दोन-दोन तासांचे पहारे ठरतात. पुढचा आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. लहान-मोठा, धनी-गडी असं त्या क्षणी काही नसतं, जो देतो तोही वाकतो, जो घेतो तोही वाकतो. आणि सप्ताहाचे सात दिवस शिवी नाही, खोटं नाही, हात उगारणं नाही, दारचा उपाशी जाणं नाही. आत्याचं म्हणणं एवढंच होतं की या वर्षी सप्ताह देवळात न घालता चराच्या तोंडाशी, त्या पाइपासमोर घालायचा. "देवाला तरी वास येऊ दे," ती म्हणाली.

पहाऱ्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी वहीचं जोडपान घेऊन रकाने आखले. दत्तूला आणि त्याच्या दोस्तांना आत्याने सगळ्यात जास्त पहारे द्यायला लावले. "सगळी रागीट पोरं वीणेला लाव. गळ्यात वीणा असली की दगड उचलाय वाकता येत न्हाई." नाना म्हणाले, "मी बी उभा राहीन. पण शकू, माझं नाव कागदावर नको. कायमचा कागद निघायचाय." त्यांची तेव्हा सेकंड शिफ्ट होती, साडेतीनला सुरू होणारी. त्यामुळे दुपारी बारा ते दोन त्यांना जमत होतं. मी मान हलवली. पण यादी पुरी झाली तेव्हा बारा ते दोनचा रकाना सातही दिवस मोकळा दिसू लागला. मला मोकळा रकाना सहन होत नसे. मी तिथे सुवाच्य अक्षरात सात वेळा लिहिलं: गणपत. कागद तर माझ्याच वहीत राहणार होता.

दुसरी चूक याहून मोठी होती, आणि कारखान्याच्या गावात वाढलेल्या मुलीने ती करायला नको होती. सप्ताह सोमवारी बसला. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, आणि सुट्टीनंतर शुक्रवारी शिफ्ट बदलते. हे मी विसरले.

पहिले चार दिवस मात्र काय आनंदाचे गेले! बांबूंवर पाचटाचा मांडव, खाली बायकांच्या गोधड्या. दिवसभर वीणेची ती एकच तार, मागे टाळ, आणि भिंतीपलीकडे पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा धप्प-धप्प ठोका. तिसऱ्या दिवशी टाळकऱ्यांनी त्या प्रेसचाच ठेका धरला आणि भजन इतकं रंगलं की भिंतीपलीकडून कोणी तरी टाळ्या वाजवल्या. जेवायला गव्हाची खीर, आमटी-भात आणि वांग्याची भाजी. सप्ताहात कांदा-लसूण वर्ज्य, त्यामुळे नाना वांग्याकडे बघून "अरारा, उघडं पडलं रं बिचारं" म्हणायचे. भागीरथीमावशी रोज पाण्याच्या चार घागरी वस्तीवरच्या मुलींबरोबर पाठवत. त्या स्वतः मांडवात बसल्या नाहीत. "तुमचं भजन तुमी करा. पाइप आमच्याबी नाल्यात जातो, म्हणून पाणी," एवढं म्हणाल्या. आत्या म्हणाली, "बरोबर हाय तिचं."

शुक्रवारी बाराच्या सुमाराला कोंडिबाबांच्या गळ्यात वीणा होती. ते दहापासून उभे होते, ऊन वर आलं होतं. तेवढ्यात मागच्या वाटेने कंपनीची जीप आली आणि तीतून मॅनेजर बापटसाहेब उतरले. पांढरा शर्ट, हातात एक कागद. टाळकऱ्यांचे टाळ थांबले. फक्त तार वाजत होती. साहेब सरळ कोंडिबाबांकडे गेले, कारण उभा असलेला तोच एक माणूस होता.

कोंडिबाबांना समोर एक उंच आकृती दिसली. बाराची वेळ. ते म्हणाले, "आलास का गणपा? लई येळ लावलास," आणि वाकून साहेबांच्या बुटांना हात लावला. साहेब दचकले, आणि दचकलेला माणूस लहानपणी शिकवलेलं करतो, तसे तेही वाकून बाबांच्या पायाला शिवले. ते वर उठले तेव्हा वीणा त्यांच्या गळ्यात होती आणि कोंडिबाबा लिंबाखाली जाऊन टेकले होते.

"अहो, हे काय? घ्या हे," साहेब म्हणाले.

दत्तू उठायला लागला. आत्याने हाताने त्याला बसवलं. "साहेब, तार वाजवा आदी. थांबली न्हाई पायजे."

साहेबांनी तार छेडली. घाबरत छेडली, पण छेडली. "वाजवतोय. आता घ्या कोणी तरी."

"ज्याचं नाव लिवलंय त्यानंच घ्यायची. तवर धरल्यानं सोडायची न्हाई. आन् बूट..."

साहेबांनी एका हाताने वीणा सांभाळत, एका पायावर उभं राहून बूट काढायचा प्रयत्न केला. शेवटी त्यांच्या ड्रायव्हरने खाली बसून नाड्या सोडल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. ड्रायव्हरही मान खाली घालून हसत होता.

"बरं, कोणाचं नाव आहे?" साहेबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. वही माझ्या मांडीवर होती. मी पान उघडलं, बारा ते दोनचा रकाना पाहिला आणि त्याच क्षणी मला शुक्रवार आठवला. नाना पहाटे सहालाच गेले होते. फर्स्ट शिफ्ट. आपलं नाव कागदावर नाही, आत्या दुसऱ्याला उभं करील, असं समजून ते निश्चिंत गेले होते. मला दुसरं कोणाचंही नाव वाचता आलं असतं. दत्तूचं वाचलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. कायमचा कागद आणि आमचं घर माझ्या जिभेवर होतं. मी आत्याकडे पाहिलं. तिने मला काही खूण केली नाही. ती फक्त बघत होती. यादी मी तिला आधीच वाचून दाखवली होती, त्यामुळे तिथे काय लिहिलंय ते तिला माहीत होतं. सप्ताहात खोटं नाही. चौदा-पंधरा वर्षं रोज पाहिलेलं सगळं, गाईचा चतकोर, मुंग्यांचं पीठ, निववलेली पेज, त्या एका वेळी माझ्याकडून काही तरी मागत होतं.

"गणपत," मी वाचलं. "माझे वडील. तुमच्या कंपनीत आहेत. प्लेटिंगला. आता ड्यूटीवर."

साहेबांनी एकदा कंपनीच्या भिंतीकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "जा, घेऊन ये त्याला."

ड्रायव्हर गेला आणि रिकामाच परत आला. "साहेब, गेटवाला सोडत न्हाई. गेटपासवर तुमची सही पायजे म्हणतो."

मांडवात हसण्याचा असा स्फोट झाला की लिंबाखाली कोंडिबाबा जागे झाले. साहेबही हसले. मला वाटतं, तिथून ते आमच्यातले झाले. दत्तूने त्यांच्यापुढे माझी वही पाटासारखी धरली, आणि उजव्या हाताने सही करताना तार आत्याने वाजवली, वीणा त्यांच्याच गळ्यात असताना.

ऊन आता डोक्यावर होतं. साहेबांनी पाणी मागितलं. सकाळच्या घागरी सैपाकात संपल्या होत्या. कोणी तरी तांब्या घेऊन विहिरीकडे निघालं, तर आत्याने अडवलं. "ते न्हाई. पाव्हण्याला असलं पाणी देत न्हाईत." आणि मला म्हणाली, "शकू, वस्तीवर जा. साहेब, वाईच दम धरा, पोर आनतीया."

मी गेले तशी परत आले, धावत नाही, कारण भरली घागर घेऊन धावता येत नाही. पाऊण तास लागला. साहेब घामाने भिजले होते, ओठ सुकले होते, पण तार चालू होती. आत्याने स्वतः त्यांच्या तोंडाला तांब्या लावला. ते घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "एवढं लांब आहे?"

"रोजचंच हाय," आत्या म्हणाली. तिने तांब्या पुन्हा भरला.

टाकीवर बदलीचा माणूस मिळेपर्यंत नानांना सोडलं नव्हतं. जीपमधून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. अंगात डागाळलेला ॲप्रन. रस्ताभर त्यांना वाटत होतं की नोकरी गेली. समोर पाहतात तर साहेब अनवाणी, गळ्यात वीणा. आत्या म्हणाली, "गणपा, पाय धू. पहारा तुझा हाय." मी उरलेलं पाणी त्यांच्या पायांवर घातलं. नाना पुढे झाले, वाकले. आणि साहेब, ज्यांना आता कोणी काही सांगायची गरज नव्हती, तेही वाकले आणि त्यांनी प्लेटिंगच्या टेंपररी कामगाराच्या पायांना हात लावला. वीणा नानांच्या गळ्यात आली. नानांच्या तोंडून नाव निघेना, नुसतं डोळ्यांतून पाणी. मग निघालं, आणि असं निघालं की प्रेसचा आवाज ऐकू येईना.

साहेब पंगतीला बसले. खीर दोनदा घेतली. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. तो पोलिसांना द्यायचा अर्ज होता, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं. चर त्याच महिन्यात बंद झाला. कंपनीने आवारात सिमेंटची टाकी बांधली आणि पाइप आत वळवला. विहीर निवळायला दोन पावसाळे गेले. निवळल्यावर पहिली घागर आत्याने भागीरथीमावशींना ओढायला लावली. मावशी म्हणाल्या, "रहाट लई करकरतो तुमचा. तेल घाला." नानांचा कायमचा कागद त्या महिन्यात निघाला नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. तो पुढल्या वर्षी निघाला.

मी आत्याला पुष्कळदा विचारलं, की ज्याचं नाव त्यानंच घ्यायची हा नियम कुठला? आधी तर कोणीही कोणाचा पहारा घेत असे. सप्ताहात तू खोटं बोललीस? ती म्हणायची, "खोटं कसं? त्या दिवशी मी तो नियम केला. मागनं सगळ्यांनी पाळला का न्हाई?" पाळला होता. मग ती पदर तोंडाला लावून इतकी हसायची की तिला ठसका लागायचा आणि मला पाठ थोपटावी लागायची.

आत्या गेल्या माघात गेली. शेवटचे दिवस ती फारसं बोलत नव्हती, पण चमच्याने पाणी दिलं की आधी विचारायची, "तू प्यालीस का?" मी हे सावकाश लिहिते आहे, कारण लिहून संपलं की ती आणखी थोडी लांब जाईल असं वाटतं.

वाडी आता नाही. कंपनी बंद पडून पुष्कळ वर्षं झाली, तिच्या जागी इमारती आहेत, त्यांतल्याच एकीत मी राहते. विहीर बुजवली, तिथे दुचाक्या उभ्या असतात. भागीरथीमावशींची नात माझ्याच मजल्यावर राहते. नळाला दिवसाआड पाणी येतं. ते पिता येतं.